गुणापकर्ष, अथवा अडकलेलें गिऱ्हाईक

गेल्या महिन्यांत आमच्या ओसरीवर एक वाद झाला. वाद घरगुती असला तरी त्याचें मूळ सातासमुद्रांपलीकडे आहे, आणि त्याची झळ वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरांत पोंचली असेल. सबब तो येथें मांडण्याचें योजिलें आहे.

हकीकत अशी. आमची धाकटी सून गेलीं पांच वर्षें घरीं भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला करून विकते. भाजणें, दळून आणणें आणि पुड्या भरणें यांत घरच्या तीन बायकांचे हात लागतात. आरंभीं तिनें हा माल एका मोठ्या ऑनलाइन बाजारांत ठेविला. त्या पेढीचें नांव मी देत नाहीं, कारण सांगावयाची आहे ती रीत, पेढी नव्हे. पहिलीं दोन वर्षें सुखाचीं गेलीं. दलाली थोडी, पैसे वेळेवर, आणि वेळापुरासारख्या गांवांत बसून पुण्या-नाशिकचें गिऱ्हाईक! मग दलाली वाढली, पाठवणावळ वाढली, परत आलेल्या मालाचा भुर्दंड तिच्या माथीं आला. अखेरीस असें झालें कीं, कोणी 'मेतकूट' हा शब्द घालून शोध केला तरी पडद्यावर प्रथम पैसे भरून वर चढलेल्यांचा माल दिसे, आणि आमचें मेतकूट खालीं कोठें तरी बुडालेलें असे. वर यावयाचें तर जाहिरातीचे पैसे भरा!

रामनवमीच्या सुमारास तिनें हिशेब मांडला, तेव्हां शंभर रुपयांच्या पुडीमागें हातीं उरणारा नफा चहाच्या एका पेल्याच्या किंमतीइतका निघाला. थोरला मुलगा म्हणाला, "थोडें कर्ज काढूं आणि जाहिरात करूं." आमच्या सौभाग्यवतींनीं "तो व्यापच बंद करा" असा निकाल दिला. सूनबाईनें मात्र मला विचारलें, "अप्पा, दुकान वाढलें, गिऱ्हाईक वाढलें, पैसा आला, म्हणजे वागणूक सुधारायला हवी ना? इथें उलटें कां होतें?"

मीं उभा जन्म संस्कृत शिकविलें. व्यापार कधीं केला नाहीं. त्यामुळें तिच्या एका प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत माझा महिना गेला. जें हातीं लागलें तें असें.

प्रथम आपल्याकडील आठवडी बाजार डोळ्यांपुढें आणा. मिरची विकणाऱ्या दोघी शेजारीं शेजारीं बसतात. एकीनें मिरची ओलावून वजन वाढविलें, तर गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यांत चार पावलें पुढें जाऊन दुसरीकडे बसतें. पहिलीला प्रामाणिक ठेवणारी गोष्ट कोणती? तिचा धर्मभीरु स्वभाव असेलही. परंतु स्वभावापेक्षां खात्रीची गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकाचे पाय. ज्या दुकानांतून गिऱ्हाइकास उठून जातां येतें, त्या दुकानाचा माल सहसा बिघडत नाहीं. उलट, गिऱ्हाईक उठूं शकत नाहीं अशी एकदां खात्री पटली, कीं माल चांगला ठेवण्याचा खर्च दुकानदारास उधळपट्टी वाटूं लागतो. माझ्या मतें साऱ्या प्रकरणाची किल्ली येथें आहे.

आतां ऑनलाइन पेढ्यांची चाल पाहूं. ती तीन पायऱ्यांची असते. पहिल्या पायरीवर भांडवलदारांचा पैसा ओतून, तोटा सोसून, सामान्य गिऱ्हाइकास खूष करावयाचें. गिऱ्हाईक गोळा झालें, कीं दुसऱ्या पायरीवर विक्रेते आणि जाहिरातदार यांस स्वस्तांत आंत घ्यावयाचें. दोघेही आंत आले आणि एकमेकांवांचून त्यांचें चालेनासें झालें, कीं तिसऱ्या पायरीवर दोघांकडूनही वसुली करावयाची. कोरी डॉक्टरो या लेखकानें २०२२ सालीं या ऱ्हासास एक शब्द योजिला. तो इतका ग्राम्य आहे कीं, या मासिकांत छापतां येणार नाहीं; तथापि अमेरिकन डायलेक्ट सोसायटी या भाषाशास्त्रज्ञांच्या मंडळीनें २०२३ सालचा शब्द म्हणून त्याचीच निवड केली. आपणांस त्या ग्राम्य शब्दाची गरज नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, चौथ्या अधिकरणांत, कारागीर व शिल्पी यांनीं संगनमत करून कामाचा कस उतरविला तर त्यांस सहस्र पण दंड सांगितला आहे, आणि या अपराधास 'कर्मगुणापकर्ष' असें नांव आहे. गुणापकर्ष! जो प्रकार आपण आज पाहतों त्याला याहून नेमका शब्द मला सुचत नाहीं.

व्हॉट्सअ‍ॅपचेंच उदाहरण घ्या, कारण आज तें घरोघरीं आहे. २०१२ सालीं त्याच्या संस्थापकांनीं आपण जाहिराती कां विकत नाहीं, हें जाहीरपणें लिहून प्रसिद्ध केलें होतें. तेव्हां वर्षाला एक डॉलर इतकी माफक वर्गणी हा उत्पन्नाचा मार्ग त्यांनीं धरिला होता. २०१४ सालीं फेसबुकनें ती पेढी विकत घेतली. २०१६ च्या जानेवारींत वर्गणी उठविण्यांत आली. २०२१ च्या जानेवारींत वापरणारांची माहिती मूळ कंपनीस देण्याच्या नव्या अटी पुढें आल्या, मान्य करा नाहीं तर सोडा अशा थाटाच्या. आणि २०२५ च्या जूनमध्यें त्याच्या एका पानावर जाहिराती आणण्याची घोषणा झाली. फुकट झाली तेव्हां वर्गणीची एक डॉलराची बचत आपणांस गोड वाटली. परंतु जो वर्गणी देतो तो यजमान असतो. जो कांहींच देत नाहीं त्याचा हिशेब दुसऱ्या कोणाच्या वहींत लिहिला जातो, हें तेव्हां ध्यानांत आलें नाहीं.

मग आपण उठून कां गेलों नाहीं? कारण तेथें आपण एकटे नाहीं. आमच्या घराण्याचा एक गट आहे. त्यांत चुलत, मावस, आते अशीं बेचाळीस माणसें. मी एकटा उठून दुसऱ्या जागीं गेलों तर तेथें मी कोणाशीं बोलूं? बेचाळीस जणांनीं एकाच दिवशीं घर बदलावें तर तें घडत नाहीं. बारशाची तारीख ठरवावयाची तरी आमच्याकडे तीन बैठकी लागतात! अडकण्याचा हा पहिला प्रकार.

दुसरा प्रकार संवयीचा. फोन विकत घेतला कीं त्यांत शोधाची एक खिडकी आधींच बसविलेली असते, आणि शंभरांतील बहुतेक माणसें ती बदलण्याच्या भरीस पडत नाहींत. ही जागा किती मोलाची आहे पाहा. गूगलनें आपली खिडकी इतरांच्या यंत्रांवर आधींपासून बसविलेली असावी यासाठीं २०२१ या एका वर्षांत २६३० कोटी डॉलर मोजले, हें अमेरिकेंतील खटल्यांत उघड झालें. त्या खटल्यांत ५ ऑगस्ट २०२४ रोजीं न्यायाधीश अमित मेहता यांनीं, गूगलनें शोधाच्या धंद्यांतील आपली मक्तेदारी बेकायदा राखली, असा निर्णय दिला. त्या निकालपत्रांतील एक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटली. २०२० सालीं त्या कंपनीनें आपल्या घरीं एक पाहणी केली होती: शोधाचा दर्जा बराच उतरविला तर उत्पन्न किती घटेल? उत्तर असें निघालें कीं, घटणार नाहीं. जाहिरातीचे दर वाढवितांनाही प्रतिस्पर्ध्याच्या भीतीनें हात आखडावा लागत नसे, असेंही न्यायालयास दिसून आलें. मिरचीवालीस जर कोणी लिहून दिलें कीं, मिरची ओलावलीस तरी एकही गिऱ्हाईक उठणार नाहीं, तर ती किती दिवस कोरडी मिरची आणील?

यांत एक विलक्षण योग असा कीं, हा धोका त्या पेढीच्या जनकांस आरंभींच दिसला होता. लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनीं १९९८ सालीं, विद्यार्थी असतांना, आपल्या शोधयंत्राविषयीं जो निबंध लिहिला, त्यांत जाहिरातीवर जगणारें शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकेल आणि वापरणारांच्या गरजेपासून दूर जाईल, असें स्वच्छ म्हटलें होतें. म्हणजे अज्ञान हें कारण नव्हे. जाणत्या माणसांसही व्यवस्थेचा उतार ओढून नेतो.

हा उतार कसा काम करतो, तें आम्हां मास्तरांस निराळें सांगावयास नको. शाळेची परीक्षा केवळ उत्तीर्णांच्या टक्केवारीवरून होऊं लागली, कीं शिकविणें मागें पडतें आणि टक्केवारी पुढें येते. त्याचप्रमाणें ज्या पेढींत दर तिमाहीस उत्पन्नवाढीचा आंकडा दाखवावा लागतो, तेथें 'या पानावर आणखी एक जाहिरात घाला' असें म्हणणाराची बढती होते, आणि 'नको, वाचणारास त्रास होईल' असें म्हणणाराजवळ दाखविण्यास आंकडाच नसतो. त्रासाचें माप कोण घेणार? दूधवाला रोज एक पळी पाणी वाढवितो. कालच्यापेक्षां आजचें दूध पातळ आहे अशी तक्रार करण्याइतका फरक कोणत्याही एका दिवशीं पडत नाहीं. वर्षानें चहा पांढरा होत नाहीं, तेव्हां कळतें.

त्या पातळ दुधाचा चटका आमच्या घरीं बसतां बसतां राहिला. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतों, पेन्शन खात्यावर आली नाहीं म्हणून बँकेचा नंबर फोनवर शोधीत होती. सर्वांत वर जो नंबर दिसला तो बँकेचा नव्हताच. कोणा ठकानें पैसे भरून तेथें लाविला होता. पलीकडचा मनुष्य अत्यंत अदबीनें "आजी, आजी" करीत कार्डावरील आंकडे विचारूं लागला. नातू शाळेंतून आला आणि त्यानें फोन हिसकावून घेतला म्हणून निभावलें. अक्का दोन दिवस जेवली नाहीं. पैसे गेले नाहींत याचा आनंद तिला झाला नाहीं. "मला कळायला हवें होतें" एवढेंच ती म्हणत राहिली. शहाण्या, शिकलेल्या वृद्धेस आपण मूर्ख आहोंत असें वाटावयास लावणें, ही या गुणापकर्षाची किंमत कोणत्याही जमाखर्चांत येत नाहीं.

परंतु परदेशस्थ पेढ्यांस नांवें ठेवून आपण मोकळे होऊं नये. आमच्या वेळापुरीं दरवर्षीं ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो, आणि वारकऱ्यांच्या तोंडून आमच्या वडिलांनीं जें ऐकलें तें मींही ऐकलें आहे. भक्तास दुसऱ्या विठोबाकडे जातां येत नाहीं. देव एक, दार एक, आणि दारावरचा अधिकार वंशपरंपरेचा. अशा ठिकाणीं बडवे-उत्पात मंडळींत सेवाभावी माणसें असूनही दर्शन आणि दक्षिणा यांविषयींच्या तक्रारी वाढत गेल्या. सरकारनें १९६८ सालीं नाडकर्णी आयोग नेमला. १९७३ सालीं पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला. आणि दीर्घ न्यायालयीन वादानंतर १५ जानेवारी २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या वंशपरंपरागत हक्कांचा दावा अखेरचा फेटाळला. हे आपलेच ज्ञातिबांधव होते, म्हणून ही गोष्ट मी मुद्दाम लिहितों. अमेरिकेंतील अभियंता आणि चंद्रभागेकांठचा पुजारी यांत साम्य स्वभावाचें नाहीं; समोरच्या माणसास उठून जातां येत नाहीं, एवढेंच आहे.

आणि आणखी एक कबुली. शाळेंत संस्कृतचा मी एकटाच शिक्षक होतों. आरंभींचीं दहा-बारा वर्षें मीं रोज रात्रीं उद्यांच्या पाठाची तयारी केली. पुढें त्याच टिपणांची वही वर्षानुवर्षें वर्गांत नेऊं लागलों. एकदां बदलून आलेल्या अधिकाऱ्याच्या मुलीनें विचारलें, "सर, आमच्या आधींच्या शाळेंत हा समास निराळा सोडवीत, कां?" तिच्या मागें दुसऱ्या शाळेचा अनुभव होता, म्हणून तिला प्रश्न सुचला. मीं तिला खालीं बसविलें. घरीं येऊन पाहिलें तों तिचेंच बरोबर होतें. दुसऱ्या दिवशीं तसें सांगण्याचें धैर्य मला झालें नाहीं. मुलांस संस्कृतासाठीं दुसऱ्या कोणाकडे जातां येत नव्हतें, आणि मला तें ठाऊक होतें. सूनबाईच्या प्रश्नाचें उत्तर मला न्यायालयाच्या निकालपत्रांत सांपडण्यापूर्वीं माझ्याच जुन्या वहींत सांपडावयास हवें होतें.

कोणी म्हणेल, फुकट मिळणाऱ्या वस्तूविषयीं एवढी तक्रार कशाला? हा आक्षेप अगदींच फोल नाहीं. नकाशे, पत्रव्यवहार, जगभरचीं पुस्तकें या पेढ्यांनीं खेड्यापाड्यांत आणलीं. मलाही त्यांच्यामुळें घरबसल्या दुर्मिळ पोथ्या वाचावयास मिळाल्या. शिवाय अडकलेलें गिऱ्हाईक कायमचेंच अडकतें असेंही नाहीं. ऑर्कुट नांवाचें स्थळ एके काळीं आपल्याकडील तरुणांनीं गजबजलेलें होतें; लोक दुसरीकडे गेले आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजीं तें बंद झालें. परंतु गांव ओस पडेपर्यंत वाट पाहणें हा कांहीं उपाय नव्हे. पाय असतांना गिऱ्हाईक राहतें तें प्रेमानें; पाय बांधल्यावर राहतें त्यास राहणें म्हणत नाहींत.

पाय मोकळे करतां येतात, याचीं उदाहरणें आपल्याच देशांत आहेत. पूर्वीं फोनची कंपनी बदलली कीं नंबर बदले, सगेसोयरे तुटत, म्हणून लोक वाईट सेवा सोशीत. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली. २०१६ सालीं सुरू झालेल्या यूपीआयमध्यें कोणत्याही अ‍ॅपवरून कोणत्याही अ‍ॅपवर पैसे पाठवितां येतात, कारण रस्ता सर्वांचा सामाईक आहे. रस्ता सामाईक असूनही बहुतेक व्यवहार दोनच अ‍ॅपांवर गोळा झाले. एका अ‍ॅपानें तीस टक्क्यांहून अधिक वांटा घेऊं नये असें २०२० सालीं ठरलें, पण ती मुदत पुढें पुढें ढकलत २०२६ अखेरपर्यंत नेण्यांत आली. तात्पर्य, नियम हवा आणि तो पाळविणारा हातही हवा. आपल्या स्पर्धा आयोगानें २०२२ च्या ऑक्टोबरांत अँड्रॉइडच्या प्रकरणीं गूगलला १३३७.७६ कोटी रुपये, आणि २०२४ च्या नोव्हेंबरांत व्हॉट्सअ‍ॅपच्या वरील अटींबद्दल मेटा कंपनीस २१३.१४ कोटी रुपये दंड केला. ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं केंद्र सरकारनें ग्राहकास चकविणाऱ्या तेरा युक्त्यांची यादी करून त्यांस मनाई केली. न मागितलेली वस्तु टोपलींत सरकविणें, वर्गणी घेणें सोपें आणि सोडणें अवघड करणें, खोटी घाई दाखविणें, या त्यांतील कांहीं होत. कौटिल्याचे सहस्र पण अशा रूपानें परत आले म्हणावयाचे.

कायदा आपल्या गतीनें चालेल. तोंवर घरीं काय करावें? आम्हीं चार गोष्टी ठरविल्या. नातेवाइकांचे नंबर आणि पत्ते एका वहींत शाईनें लिहून ठेविले. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या पाठीवरूनच घ्यावयाचा, शोध करून कदापि नाहीं. आणि फसगत झालीच तर त्याच क्षणीं १९३० वर कळवावयाचें. कंपनीनें दाद दिली नाहीं तर ग्राहक साहाय्यासाठीं १९१५ हा नंबर आहे, तो देवघराच्या भिंतीवर लाविला. आणि जी सेवा खरोखर उपयोगी पडते, तिला परवडेल तितके पैसे देण्यास कुरकुर करावयाची नाहीं. यजमान राहावयाचें तर शिधा आपणच दिला पाहिजे.

सूनबाईचें काय झालें, हें वाचक विचारतील. कर्ज काढलें नाहीं. व्यापही बंद केला नाहीं. ऑनलाइन बाजारांत माल ठेविला आहे तसाच राहूं दिला, पण जाहिरातीचे पैसे भरण्याचें नाकारलें. कोरी वही घेऊन तिनें जुन्या गिऱ्हाइकांचीं नांवें लिहावयास घेतलीं, तों ध्यानांत आलें कीं पांच वर्षांत शेंकडों घरीं मेतकूट गेलें, पण त्यांतील एकाचाही पत्ता तिच्याजवळ नाहीं. गिऱ्हाईक तिचें नव्हतेंच, बाजाराचें होतें. तेव्हां अकलूज, माळशिरस, पंढरपूर येथील ओळखीच्या घरांपासून आरंभ केला. मोठी जाऊ पुडीवर आतां घरचा नंबर ठळक लिहिते. पहिल्या महिन्यांत थेट मागणीच्या एकोणीस पुड्या गेल्या. फार नव्हेत. पण त्यांतील एक बाई पंढरपुराहून स्वतः फोन करून म्हणाल्या कीं, यंदाच्या मेतकुटांत हिंग कमी पडला आहे.

सूनबाई तें ऐकून थोडी हिरमुसली. मीं तिला म्हटलें, "वहींत लिहून ठेव. आणि पुढच्या खेपेस हिंग वाढीव."

— एक निवृत्त शिक्षक, वेळापूर